शेजारचा वाफा

१२ जानेवारी

ऑगस्टनंतर आज लिहितो आहे. अबोला स्वतःशी धरला होता, शिक्षा मात्र या वहीला झाली. त्याबद्दल तिची माफी. ऑगस्टमधली शेवटची नोंद एका ओळीची आहे: 'गणित विभाग बंद.' तिच्याखाली रेघ मारलेली दिसते, तीही पट्टीने. अशा दिवशीसुद्धा मी पट्टी शोधली, यावरून माझा स्वभाव कळावा.

मी शालेय गणिताच्या पुस्तकांतली शाब्दिक उदाहरणे लिहीत असे. दोन नळ एक टाकी भरतात, चार मजूर भिंत बांधतात, समोरासमोरून दोन आगगाड्या येतात, ती उदाहरणे. उमेदीची सगळी वर्षे त्यात गेली. लोक ऐकून हसतात. हसोत. वाईट उदाहरण कोणालाही लिहिता येते. चांगल्याचे नियम असतात आणि ते मी हाताखालच्या प्रत्येकाकडून घोकून घेतले होते. लागेल ती सगळी माहिती द्यावी. न लागणारी एकही देऊ नये. आणि माणसे अपूर्णांकात येऊ देऊ नयेत. उत्तर साडेतीन मजूर आले तर चूक मुलाची नसते, लिहिणाऱ्याची असते.

आता उदाहरणे यंत्र लिहिते. प्रकाशनाच्या मालकांनी नमुना दाखवला होता. त्यात एक बाई ताशी साठ किलोमीटर वेगाने बटाटे सोलत होती. "थोडं तपासावं लागेल," मालक म्हणाले, "पण काय झरझर लिहितं बघा."

म्हणून या वयात प्रोग्रामिंग शिकलो. वर्गात सगळी पोरेटोरे, मला 'काका' म्हणत आणि माझ्यासाठी खुर्ची सोडत. प्रमाणपत्र मिळाले. अर्ज जे पाठवले ते विहिरीत दगड टाकावा तसे गेले, आवाजही आला नाही. बोलावणी येतात ती फक्त संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांची. मेव्हणा अशाच एका कंपनीत खरेदी विभागात आहे. त्याने कारण सांगितले.

"भावजी, तिथे नुसत्या चौकशीतच महिनेच्या महिने जातात. पोरं थांबत नाहीत. तुम्हाला कुठे जायचंय?"

मेव्हण्याच्या तोंडचे सत्य नेहमी असे चपला घालूनच घरात येते. तुम्ही बनवता तरी काय, असे विचारले. "सोल्यूशन्स," म्हणाला. कशावरचे, ते सांगता येत नाही म्हणे.


१९ जानेवारी

पहिली मुलाखत. फोन कापडी पिशवीत घालून काढून घेतला आणि छातीवर 'पाहुणा' अशी चिठ्ठी चिकटवली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'अचूकता हीच शांतता.' खाली काचेच्या कपाटात काहीतरी मांडलेले होते आणि त्यावर कापड टाकलेले होते. दाखवायचे नव्हते तर कपाट काचेचे कशाला केले? असले प्रश्न विचारायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहितो.

मी आत गेलो तशी बाकावरची सगळी मुले उठून उभी राहिली. मीच परीक्षक, अशी समजूत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा एकाने दयाळूपणे विचारले, "काका, तुम्ही कोणाला घेऊन आलात?"

पाहुण्याला एकट्याने मुतारीतही जाता येत नाही. पहारेकरी बरोबर येतो आणि दाराबाहेर उभा राहून गुणगुणतो. ज्यांना माझ्या लघवीची एवढी काळजी, ते देश नक्की सांभाळतील.

मुलाखत घेणारी बाई तिशीची असेल. शर्टाच्या बाहीवरची इस्त्रीची घडी इतकी कडक, की तिच्यावर कागद कापता आला असता. मनातल्या मनात तिचे नाव 'इस्त्री' ठेवले.

"एक पोस्टमन आहे," ती म्हणाली. "त्याला पार्सल पोहोचवायचं आहे. घर हलतं आहे."

"घर?"

"हो. घर हलतं. दर क्षणाला घराची जागा त्याला कळते. त्याप्रमाणे त्याचा मार्ग बदलणारा प्रोग्राम लिहा. पोस्टमन थांबू शकत नाही आणि परत येत नाही."

"परत का येत नाही?"

"तसं दिलंय असं धरा."

'दिलंय असं धरा.' हे वाक्य मुलांना सांगण्यात माझा जन्म गेला. आज ते माझ्यावरच आले. मी काही दूधखुळा नाही. घर म्हणजे काय आणि पोस्टमन म्हणजे काय, ते मला कळते. चीड आली ती निराळ्याच गोष्टीची. सोडवणारा मधेच थांबून 'असं कसं?' म्हणतो, ते उदाहरण फसले. ज्यांचा सगळा धंदा लपवण्यावर चालतो त्यांना एक पोस्टमन धड लपवता येऊ नये?

प्रोग्राम लिहिला. हळू लिहिला, पण बरोबर. शेवटी सवयीने एक अट घातली: घरी कोणी नसेल तर पार्सल परत आणावे. इस्त्रीने ती ओळ दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच हसली.

"परत आणायची सोय आपण देत नाही," ती म्हणाली.


२४ जानेवारी

नकार आला. 'आपल्या अनुभवाने आम्ही प्रभावित झालो आहोत, तथापि...' तथापिच्या आधीचे सगळे खोटे असते, हा कुठल्याही भाषेचा नियम असावा. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका आहेत. त्या मी दुरुस्त केल्या. पाठवल्या मात्र नाहीत.


२ फेब्रुवारी

दुसरी कंपनी. इथे पोस्टमनऐवजी कुत्रा आणि घराऐवजी चेंडू. कुत्र्याने चेंडू हवेतच पकडायचा. पोस्टमनपेक्षा बरे, निदान कुत्री खरोखर चेंडू पकडतात. पण पुढे म्हणतात, एकाच वेळी चाळीस चेंडू येतील आणि कुत्रे बारा. कुठल्या अंगणात असा खेळ चालतो? चेंडू कोण फेकतो आहे, असे मी विचारले. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी पेन्सिल हातात घेईपर्यंत शेजारच्या पोराचा प्रोग्राम चालूही झाला होता. त्याला एकही प्रश्न पडला नाही. त्याची निवड झाली असणार.


३ फेब्रुवारी

काल घरी येऊन सगळे साभिनय सांगितले, इस्त्री, कुत्रा, चेंडू. मुलगी पोट धरून हसली. ती नववीत आहे. बायको हसली नाही. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर नळ्यांवर नावे चिकटवते आणि नळी कोणाची याची खात्री तीनदा करते. घरी आल्यावर तिच्याकडे विनोदासाठी फारशी शक्ती उरत नाही.

"अहो, तुम्ही मुलाखत द्यायला जाता की पेपर तपासायला?"

"प्रश्नच चुकीचा असेल तर?"

"तर चुकीच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि नोकरी घ्या. सगळं जग तेच करतं." मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "नाहीतर जाऊ नका. मनाला पटत नसेल तर तसं म्हणा, मी काही म्हणणार नाही. माझ्या पगारात भागवू. पण पटत नाही ते प्रश्नाच्या शब्दरचनेवर ढकलू नका."

मी म्हणालो, नोकरीचाच पत्ता नाही, पटण्याचा प्रश्न कुठून आला? बाजारात तुरी.

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चे मी आजवर पुष्कळ अर्थ लावले आहेत. याचा लागला नाही.

स्वतःला विचारून पाहिले. पटत नाही का? खरे उत्तर असे, की मला नोकरी हवी आहे. दुपारी घरात एकटा असतो. वर्तमानपत्र वाचून संपते. शेजारचे निवृत्त गृहस्थ जिन्यात भेटले की 'काय, आज सुट्टी?' म्हणतात, आणि आता तेही म्हणायचे थांबले आहेत. पुन्हा कोणीतरी माझी एखादी ओळ वाचून 'हे बरोबर आहे' म्हणावे, एवढेच हवे आहे.


१५ फेब्रुवारी

पहिल्याच कंपनीचे पुन्हा बोलावणे. 'तथापि' म्हणणाऱ्यांना माणसे मिळेनात, हे उघड आहे. या वेळी पाच जणांना एकत्र बसवले. समोर इस्त्री, आणि तिच्या शेजारी विभागाचे प्रमुख. प्रमुख म्हणजे कोणी मिशीवाला करारी गृहस्थ असेल असे वाटले होते. निघाला मऊ आवाजाचा, हाताने विणलेला स्वेटर घातलेला माणूस. बोलण्याआधी मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवले, जेवायला बसताना काढावे तसे. "सगळ्यांना पाणी मिळालं ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

तोच पोस्टमन, तेच घर. महिना झाला तरी घराला पाया मिळाला नव्हता.

माझ्या शेजारी जांभळ्या दप्तराची एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. तिचे सगळ्यांच्या आधी झाले. झाल्यावर तिने हात वर केला.

"सर, हे घर म्हणजे गाडी ना? आत माणसं असतात ती?"

"उदाहरणात माणसं दिलेली नाहीत," प्रमुख शांतपणे म्हणाले.

"म्हणूनच विचारलं."

तिने सगळ्यांचे आभार मानले, दप्तर उचलले आणि निघाली. म्हणजे निघायला गेली. पाहुण्याला एकट्याने बाहेर पडता येत नाही. त्यामुळे बाणेदार उत्तर देऊन झाल्यावर बाईसाहेब पहारेकरी येईपर्यंत दारात ताटकळत उभ्या. नाटक करायचे तर आधी पडदा कुठे आहे ते पाहून ठेवावे. उभी असताना ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी वयाने मोठा, म्हणून मी काहीतरी बोलेन असे वाटले असावे. केस पिकलेला माणूस काहीतरी बोलेल, असे लोकांना का वाटते कोण जाणे.

मी बोललोही, पण ती गेल्यावर. "तिचा दोष नाही," मी म्हणालो. "दोष उदाहरणाचा आहे." इस्त्रीच्या भुवया वर गेल्या. पण मला राहवेना. पोस्टमन, चालते घर, परत न येणे, यातली प्रत्येक गोष्ट सोडवणाऱ्याला डिवचते. तो हिशेब सोडून विचार करायला लागतो. त्याऐवजी असे घ्या, मी म्हणालो: एक बाई आपली पिशवी थांब्यावर विसरून बसमध्ये चढली. बस निघाली. एक जण सायकलवरून पिशवी घेऊन मागे निघाला आहे. बस वळणे घेते, त्याने कुठला रस्ता धरावा? थांबला तर बस गेली, म्हणून तो थांबत नाही. बस गाठली की गोष्ट संपली, म्हणून परत येण्याचा प्रश्नच कोणी विचारत नाही. गणित तेच. एक आकडाही बदललेला नाही.

प्रमुखांनी डोळे मिटले. उमेदवारांपैकी दोघे जण गालात हसत होते. मग प्रमुखांनी डोळे उघडून इस्त्रीकडे पाहिले.

"यात पोहोचावंसं वाटतं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी इतके नेमके बोलले नव्हते. बाहेर पडताना पहारेकरी गुणगुणत होता तेही मला सुरेल वाटले.


१८ फेब्रुवारी

फोन आला. पद कनिष्ठ सॉफ्टवेअर अभियंत्याचे, सर्वांत खालच्या पायरीचे, पण काम वेगळे. त्यांच्या प्रोग्रामचे तुकडे बाहेरच्या लोकांकडून लिहून घेतात. कशासाठी लिहितो आहोत ते त्या लोकांना कळता कामा नये, आणि लिहिताना अडखळताही कामा नये. त्यासाठी उदाहरणे हवीत. इतके दिवस इस्त्री लिहीत असे. तरीच.

एक चाचणी बाकी आहे. प्रमुखांनी नुसते आकडे दिले: एक मध्यबिंदू, बारा मीटरची त्रिज्या, विखुरलेले ठिपके. एक ठिपका वर्तुळात आलाच पाहिजे. बाकीचे पाचपर्यंत आले तर चालतील. याला कपडे चढवून बावीस तारखेला आणायचे. पसंत पडले तर त्याच दिवशी नेमणूक, चौकशी मागाहून होत राहील.

इस्त्रीचा जुना मसुदा नमुन्यादाखल दिला आहे. त्यात वाढदिवसाचा केक आहे आणि तो बारा मीटरपर्यंत उडतो. वाचून एकटाच मोठ्याने हसलो.

मेव्हण्याला कळवले. "बघा, मी म्हटलं नव्हतं? आता कोणी विचारलं काय करता, तर काय सांगणार?"

"सोल्यूशन्स," मी म्हणालो. पहिल्यांदाच आम्ही दोघे एका विनोदाला हसलो.

बायकोला सांगितले. ती म्हणाली, "ठिपके कसले?"

मी म्हणालो, तेच तर मला ठरवायचे आहे.


२१ फेब्रुवारी

उदाहरण परवाच जुळले. बागेतला फवारा. सोपे, स्वच्छ, कोणाच्याही डोळ्यांसमोर येईल असे. ते असे:

'एका बागेत फवारा आहे. त्याचे पाणी सर्व बाजूंना बारा मीटरपर्यंत जाते. आपल्या वाफ्यातले ठरलेले रोप भिजलेच पाहिजे. शेजारच्या वाफ्यातली रोपे पाचपर्यंत भिजली तरी चालेल. फवारा सोडावा की नाही?'

सोबत रोपांचा तक्ता. वाऱ्यामुळे पाणी थोडे इकडेतिकडे जाते, तेही धरले आहे.

मी लिहिलेले प्रत्येक उदाहरण छापण्याआधी मुलीकडून सोडवून घेत आलो आहे, ती तिसरीत होती तेव्हापासून. यात लपवण्यासारखे काही नाही. उलट तिला शंका आली नाही तरच ते उतरले. म्हणून आज जेवणे झाल्यावर कागद तिच्यापुढे ठेवला. तिने माझे जुने लाल पेन मागून घेतले. सोडवून झाल्यावर गुण देण्याचा तिला अधिकार आहे, अशी आमची पूर्वीपासूनची पद्धत.

तिने पटापट केले. पोरीचा हात चांगला आहे.

"शेजारची तीन पूर्णांक चार दशांश. पाचाच्या आत. म्हणजे फवारा सोडायचा."

"शाब्बास."

"पण बाबा, तीन पूर्णांक चार रोपं कशी भिजतील? तुझाच नियम आहे."

"ती सरासरी आहे. वारा असतो ना. कधी तीन, कधी चार."

"मग एकक काय लिहू?"

"रोपे."

तिने लिहिले, नाक मुरडून. मला वाटले संपले. तिने पेनाचे टोपण लावले आणि परत काढले.

"आणि हे 'चालेल' म्हणजे कोणाला चालेल?"

"म्हणजे?"

"शेजारची पाच भिजली तर चालेल. शेजाऱ्याला विचारलंय का? तसं दिलेलं नाही."

"अगं, पाणीच आहे. रोपांना पाण्याने काय होणार?"

"मग पाचच का?" ती म्हणाली. "पाणी चांगलं असेल तर सगळीच भिजू देत की. आणि वाईट असेल तर एक तरी का?"

मी तक्ता उचलून वाऱ्याचे आकडे पुन्हा पाहू लागलो. टेबलाच्या त्या टोकाला बायको दुसऱ्या दिवशीचा डबा पुसत होती. तिचा हात थांबला होता.

"तिला उत्तर द्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, उत्तर असे, की उदाहरणात जे दिलेले नाही ते विचारायचे नसते. मुलगी खांदे उडवून अभ्यासाला गेली. तिला राग वगैरे आला नाही. तिच्या दृष्टीने ते एक फसलेले उदाहरण होते आणि विषय तिथे संपला. तिच्या वयाला तेच शोभते.

बायकोने डबा जागेवर ठेवला. जाता जाता विचारले, "ती जांभळ्या दप्तराची मुलगी, तिला कुठे मिळाली का हो नोकरी?"

"मला काय माहीत?"

"नाही, सहज. पहारेकरी यायला बराच वेळ लागला असेल तिला."

हे मध्येच कुठून आले ते कळले नाही. मी तिला ते हसण्यासाठी सांगितले होते.

जेवल्याबरोबर आकड्यांत डोके घालू नये. खिडकी उघडून जरा वेळ उभा राहिलो. खाली निवृत्त गृहस्थ त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होते, तांब्याने, एकेका कुंडीला थांबून. मी हाक मारणार होतो की उद्यापासून मला नोकरी आहे. मग म्हटले, आधी होऊ दे.

परत येऊन कागद पाहिला. तळाशी लाल अक्षरांत, माझ्याच वळणाने: 'माहिती अपुरी. अर्धा गुण कमी.'

प्रामाणिकपणे लिहायचे तर पोरगी बरोबर आहे, आणि एवढा साधा दोष माझ्या नजरेतून सुटावा याची लाज वाटते. दुसऱ्याने असे लिहून आणले असते तर मी त्याला फाडून खाल्ले असते. 'चालेल' म्हटले की 'कोणाला' हे येणारच. पाचाची अट प्रमुखांनी दिलेली आहे, तिला हात लावता येत नाही. पाणीही ठीक आहे. सगळी मेख एका शब्दात आहे. वाफा शेजारचा आहे, असे मी कशाला सांगितले? हिशेबाला त्याची गरज नाही. नुसता 'दुसरा वाफा' म्हटले तरी उत्तर तेच येते आणि कोणाला विचारायचा प्रश्न उरत नाही. न लागणारी माहिती देऊ नये. माझाच नियम मी मोडला.

उद्या, निघण्यापूर्वी: उदाहरणातून शेजारी काढून टाकणे.